दोन काठ्यांच्या आत

चाळीस दिवसांच्या कडक थंडीतले पंचवीस दिवस सरले, त्या सकाळी उल्कानची घोडी ओढ्याच्या काठाला मरून पडलेली सापडली. घोडी गाभण होती. पोटाकडचं सगळं संपलं होतं, डोकं तेवढं जसंच्या तसं, पापण्यांवर बर्फ धरून. उल्कान तिच्याजवळ उकिडवी बसली, हातमोजा काढून तिनं घोडीच्या कपाळावरचं बर्फ पुसलं. शिवी द्यायला तोंड उघडलं ते तिनं तसंच मिटून घेतलं. चोंग-अर्चा गावात हिवाळ्यात त्या जनावराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते ऐकतं म्हणतात. सगळे 'राखाडी' म्हणतात आणि शिव्यासुद्धा राखाडीलाच देतात, जरा बेतानं.

नाव न घेण्यात उल्कानचा हात गावात कुणी धरला नसता. त्या मुलखात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं तर नाहीच. नावात जो शब्द येतो तोही तोंडात आणायचा नाही. उल्कानच्या थोरल्या दिराचं नाव बाल्ताबाय, आणि बाल्ता म्हणजे कुऱ्हाड. सव्वीस वर्षं ही बाई कुऱ्हाडीला 'तोडायचं' म्हणत आली. "ते तोडायचं आण रे," म्हणून तिनं नळावर हाक दिली की बायका फिदीफिदी हसत. शेजारचा दोसमात म्हणायचा, "वहिनीच्या घरात सगळं आहे, एक कुऱ्हाड तेवढी नाही." तीही हसायची. नवरा होता तोवर हसायला काही वाटत नव्हतं.

त्याच दुपारी मेंढपाळ चिनीबेकच्या अंगणात माणसं जमली. चिनीबेक साऱ्या गावाची मेंढरं राखायचा. आठ दिवसांत राखाडीनं त्याची एकवीस मेंढरं फाडली होती. "खायला फाडली असती तर एक वेळ समजलं असतं," तो म्हणाला, "एकेकीचा गळा फोडून नुसती टाकून गेलेत. हाका घालायला पाहिजे. उद्या बंदुकांचे ठिय्ये बघू, परवा निघू. घरटी एक बंदूक."

हाक्याचा पुढारी बाल्ताबाय. गावात त्याच्या नेमाला तोड नव्हती. लांडग्याच्याच कातड्याचा राखाडी कोट घालून तो भिंतीला टेकून उभा होता. गेल्या वर्षात माणूस फार वाळला होता. तो उल्कानकडे न बघता म्हणाला, "मुकाशच्या घरचं मी धरतो. माझी एक बंदूक दोन घरांची."

"एक बंदूक दोन घरांची कशी होईल?" उल्कान म्हणाली. "पोरगा रशियात विटा रचतोय, म्हणून घर काय बुडालं नाही. मी येते."

"वहिनी, हाकारी म्हणून ये की," दोसमात म्हणाला. "डबा वाजव. तुझा आवाज ऐकला तर राखाडी नुसता पळणार नाही, सरहद्द ओलांडून जाईल."

माणसं हसली. उल्कान हसली नाही. "डबा तू वाजव दोसमात. गेल्या साली तुझ्या दोन गोळ्या झाडाला लागल्या, झाड अजून तिथंच आहे. मी ठिय्यावर उभी राहणार. घरची दुनळी आहे, ती कशी चालवायची ते शिकवलंय मला."

कुणी शिकवलं ते कुणी विचारलं नाही. 

मुकाश म्हणजे उल्कानचा नवरा, बाल्ताबायचा धाकटा भाऊ. हाक्याचे कायदे गावात त्यानंच आणले होते. ठिय्यावर पोचेपर्यंत बंदूक मोडलेली, म्हणजे नळ्या खाली पाडून उघडलेली, आणि काडतुसं खिशात. टोपीला लाल चिंधी. ठिय्यावर उभं राहिलं की डाव्या-उजव्या हाताला बर्फात एकेक काठी रोवायची आणि गोळी घालायची ती त्या दोन काठ्यांच्या आतच, बाहेर सोन्याचं जनावर गेलं तरी नाही. धुकं आलं की बंदूक मोडून खाली बसायचं. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे, पुढाऱ्यानं हाक दिल्याशिवाय ठिय्या सोडायचा नाही. पुढारी एकेकाचं नाव घेणार, ज्याचं त्यानं मोडलेली बंदूक वर धरून 'रिकामी' म्हणायचं, मग हलायचं. लोक कुरकुरत, त्याला 'मास्तर' म्हणून चिडवत, पण ऐकत. त्यानं कायदे घातल्यापासून सोळा वर्षांत हाक्यात कुणाला खरचटलंही नव्हतं.

आणि गेल्या हिवाळ्यात, धुक्यात, मास्तर स्वतःच आपल्या ठिय्यापासून तीस पावलं खाली, घळीतल्या जुनिपरच्या झुडपाशी पालथा सापडला. गोळी बाल्ताबायची होती. तालुक्याहून माणूस आला, त्यानं काठ्या बघितल्या, दोरी लावून मोजलं. झुडूप बाल्ताबायच्या दोन काठ्यांच्या बरोबर आत येत होतं. कागदावर अपघात लिहून तो निघून गेला. बाल्ताबायनं छाती पिटली, वर्षाच्या जेवणाला स्वतःची घोडी कापली. त्याला कुणी बोल लावला नाही. लावायचा तरी कसा? ठिय्या सोडला तो मुकाशनं. "मास्तर स्वतःच्याच शाळेत नापास झाला," असं नळावर कुणीतरी म्हणालं, ते उल्कानच्या कानावर पडलं. भरलेली बादली घेऊन ती घरी आली आणि कितीतरी वेळ बादली हातात धरूनच उभी राहिली. नवरा गेल्याचं दुःख तिनं गिळलं होतं. हे वाक्य काही केल्या गिळवत नव्हतं.

घरी सासू होती. धाकट्याच्या घरी राहायचं, या रिवाजाप्रमाणे ती मुकाशकडेच राहिली होती. डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, दिवसभर चुलीपाशी लोकर कातायची. गोवऱ्यांच्या धुरात उल्कान दुनळीच्या नळ्यांतून तेलाचा बोळा ओढत होती, त्याचा वास म्हातारीला आला.

"कुठल्या ठिय्यावर जाणार गं?"

"तिसऱ्या."

चाती थांबली. मग पुन्हा फिरू लागली. "माझा मुकाश हाकेशिवाय उठणाऱ्यातला नव्हता," म्हातारी म्हणाली. "जेवायलासुद्धा दोनदा हाक मारायला लागायची. कुणीतरी त्याला हाक मारली असणार. माणसानं म्हण नाहीतर आणखी कुणी."

हे वाक्य म्हातारी वर्षभर म्हणत आली होती. उल्कान ते म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून द्यायची. त्या दिवशी तिनं ते सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठिय्ये बघायला बाल्ताबाय, दोसमात आणि उल्कान वर चढले. रात्री भुरभुर बर्फ पडून गेलं होतं, त्यावर सशाचीसुद्धा पावलं नव्हती. घळीच्या एका अंगाला उतारावर ओळीनं सात ठिय्ये, पन्नास-पन्नास पावलांवर. वरच्या खिंडीतून हाकारे डबे बडवत येणार, जनावर घळीतून खाली पळणार, आणि बंदुका वरून खाली बोलणार. दुसरा ठिय्या बाल्ताबायचा, चौथा दोसमातचा. मधला तिसरा. तिथून खाली बघितलं की ते जुनिपरचं झुडूप, काळपट, कमरेएवढं. आजूबाजूला त्याच्याशिवाय काही उगवलेलं नव्हतं.

आधी दोसमातला दिसलं. "ते काय आहे?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला.

खालच्या बाजूनं माणसाच्या बुटांची पावलं आली होती. एकट्याची. झुडपाशी येऊन थांबली होती, तिथं बर्फ तुडवून गोल झाला होता, कुणीतरी बराच वेळ उभं राहिल्यासारखा. आणि परत गेलेली पावलं कुठंच नव्हती. झुडपाच्या फांदीवर तीन बोर्सोक ठेवले होते, मेलेल्याच्या नावानं ठेवतात तसे. तळलेल्या पिठाच्या त्या गोळ्यांवर अजून हिमाचा कणसुद्धा धरला नव्हता.

"पहाटेचे आहेत," उल्कान म्हणाली. 

"गेला तो परत कुठून गेला?" दोसमात कुजबुजला. "पाय उचलून गेला काय? वहिनी, आता सांगतोच. गेल्या साली गोळीच्या आधी मी हाक ऐकली होती. 'मुकाश, मुकाश' अशी. लांबून, जमिनीतून आल्यासारखी. कुणाला सांगितलं नाही, लोक म्हणतील दोसमात बाटली घेऊन गेला होता. पण डोंगरानं नाव घेऊन बोलावलं त्याला. धुकं पडलं की अजून बोलावतो. चिनीबेकच्या पोरींनीसुद्धा ऐकलंय."

"गप बस!" बाल्ताबाय एवढ्या जोरानं ओरडला की समोरच्या कड्यावरचं बर्फ सरकलं. तो उतरून खाली गेला. "आल्या पावलांत पाय टाकून माणूस परत जातो. एवढं कळत नाही, शिकारी म्हणवता?" त्यानं बुटानं तो तुडवलेला गोल मोडून टाकला. बोर्सोकांना मात्र हात लावला नाही. वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती. "तिसरा ठिय्या यंदा रिकामा ठेवू."

"तिसरा आमच्या घरचा आहे," उल्कान म्हणाली.

"उल्कान, ऐक माझं."

"थोरले, मी तुमचं सव्वीस वर्षं ऐकलं. उद्याचा दिवस राहू द्या."

बाल्ताबाय तिच्याकडे बघत राहिला.  मग स्वतःच वाकून त्यानं तिसऱ्या ठिय्यावर दोन काठ्या रोवल्या. उल्कान त्यांच्या मधोमध उभी राहिली. झुडूप दोन्हीच्या आत येत होतं.

हाक्याच्या दिवशी सकाळी आभाळ निवळ होतं. ओढ्याच्या काठाला सगळ्यांनी बंदुका मोडून दाखवल्या, टोप्यांना लाल चिंध्या बांधल्या. मास्तर गेला तरी शाळा चालू होती. उल्कान नवऱ्याच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात चढत होती, मोडलेली दुनळी कोपरावर टाकून, काडतुसं खिशात. गुडघाभर बर्फात तिचे पाय जडावले, नाकातला श्वास गोठून मिशीसारखा वरच्या ओठावर बसला. मागून दोसमात नेहमीसारखं काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत होती. तिनं वळून बघितलं. त्याच्या टोपीखाली कानाशी मंतरलेला ताईत बांधलेला दिसत होता.

ठिय्यावर पोचल्यावर तिनं दुनळीत दोन काडतुसं घातली आणि ती उभी राहिली. तिला वाटलं होतं, इथं उभं राहिल्यावर रडू येईल. रडू आलं नाही. बूट बर्फात रुतले, त्याच्याखाली कडक काहीतरी लागलं. तिनं टाचेनं उकरलं. सिगारेटचं थोटूक होतं, गोठलेलं, चावलेल्या टोकाचं. तो सिगारेट चावायचा. एक वर्ष ते तिथं बर्फाखाली, चिखलाखाली आणि पुन्हा बर्फाखाली पडलं होतं. तिनं ते उचलून खिशात ठेवलं.

वरून डब्यांचा आवाज सुरू झाला. खिंडीत तो घुमायला लागला, मग माणसांच्या आरोळ्या, मग पहिल्या ठिय्याकडून एक बार. घळीतून तीन राखाडी आकार खाली सुटले. दुसऱ्या ठिय्यावरून बाल्ताबायच्या दोन गोळ्या गेल्या आणि एक जनावर कोलमडत झुडपापलीकडे गेलं. एक उल्कानच्या समोरून पळालं. तिनं दुनळी खांद्याला लावली, नळी त्याच्याबरोबर फिरवली आणि उजवी काठी आड आल्यावर बोट सैल सोडलं. जनावर निसटलं. "बरोबर," ती स्वतःशीच म्हणाली, आणि ते तिनं त्याच्या आवाजात म्हटलं.

तेवढ्यात धुकं आलं.

ते खालून आलं, नदीकडून, घळ भरत. आधी घळीचा तळ गेला, मग झुडूप, मग तिच्या काठ्या. डब्यांचा आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा मऊ झाला आणि बंद पडला. हाकारे जागीच थांबले असणार. उल्काननं दुनळी मोडली, काडतुसं काढून मुठीत धरली आणि ती खाली बसली. काही दिसत नव्हतं. स्वतःचे गुडघे आणि त्यावर ठेवलेली रिकामी बंदूक, एवढंच काय ते जगात उरलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग हाक आली.

"मुकाश."

 हाक खालून आली होती, झुडपाकडून. आवाज माणसाचा होता आणि नव्हता. बसका, लांबवलेला, धुक्यानं सगळीकडे पसरलेला.

"मुकाश... संपलं रे. ये खाली."

ती उभी राहिली. तिचे पाय आपोआपच उभे राहिले, एक पाऊल उताराला लागलंसुद्धा. तो तिथं आहे, त्याला कुणीतरी बोलावतंय, आपण गेलो तर भेटेल, एवढं एकच तिच्या मनात आलं. वर्षभरात त्याला बघायची इतकी भूक तिला कधी लागली नव्हती. दुसरं पाऊल पडायच्या आत तिला त्याचा कायदा आठवला. हाक दिल्याशिवाय हलायचं नाही. आणि ही हाक तिच्या नावाची नव्हती. ती थांबली.

"ये रे भावा. पडलंय ते झुडपामागं. पुढारी म्हणतोय ना, ये म्हणून? मी हाक मारतोय. ये..."

आता तिनं तो आवाज ओळखला.

बाल्ताबाय. आपला ठिय्या सोडून तो खाली झुडपाशी गेला होता आणि मेलेल्या भावाला बोलावत होता. मागच्याच शब्दांत. फांदीवरचे बोर्सोक, गोल तुडवलेला बर्फ, आल्या पावलांत पाय टाकून परत गेलेला माणूस, सगळं तिच्या डोळ्यांपुढं एका ओळीत उभं राहिलं. यानंच हाक मारली होती. एकाचंही नाव पुकारायच्या आधी, एकही बंदूक मोडायच्या आधी, पुढाऱ्यानंच धाकट्याला ठिय्यावरून उठवलं होतं. आणि मग धुक्यात काहीतरी हललं म्हणून गोळी घातली होती. म्हणजे मुकाशनं कायदा मोडलाच नव्हता. हाक आली म्हणून तो गेला होता. हा माणूस ते वर्षभर पोटात ठेवून बसला आणि साऱ्या गावाला त्याला नापास म्हणू दिलं.

खट्.

बंदूक बंद झाल्याचा आवाज. उल्कान दचकली, आणि मग तिला कळलं की तो आवाज तिच्याच हातातून आला होता. काडतुसं मुठीतून नळीत कधी गेली, तिला आठवेना.

धुकं मध्येच फाटलं. खाली झुडपाशी एक राखाडी पाठ वाकलेली दिसली. लांडग्याची केसाळ पाठ. टोपी काढून हातात धरलेली, म्हणजे लाल चिंधीही नाही. पाठ डाव्या काठीच्या उजवीकडे होती आणि उजव्या काठीच्या डावीकडे. दोन काठ्यांच्या बरोबर आत.

तालुक्याचा माणूस येईल, दोरी लावून मोजेल. म्हणेल, बाईचं काही चुकलं नाही. यानं ठिय्या सोडला. गाव म्हणेल, नशीब. बोट चापावर होतं आणि चाप बर्फासारखा गार होता. आपण इतक्या वाईट आहोत, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी ती तशी होती.

तेव्हाच उजवीकडून, चौथ्या ठिय्यावरून, बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज आला. आणि त्यामागून दोसमातचं पुटपुटणं, भेदरलेलं, पाठ केलेले दुआचे शब्द उलटसुलट होत असलेलं. त्यालाही हाक ऐकू आली होती. त्यालाही ती राखाडी पाठ दिसत होती, आणि ते जनावर आहे की भूत, हे ठरवायच्या पलीकडे तो गेला होता. भ्यालेल्या माणसाचं बोट डोळ्यांच्या आधी हलतं. हे वाक्य मुकाशचं होतं.

तिला काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहायची तिला सव्वीस वर्षांची सवय होती.

"बाल्ताबाय!"

आपल्याच तोंडातून आलेलं ते नाव तिला परकं वाटलं. ती पुन्हा ओरडली, गळा फाटेपर्यंत. "बाल्ताबाय! खाली पड! दोसमात, माणूस आहे! माणूस आहे तो!"

खालची पाठ ताठ झाली. डोंगरानं हाक मारली असती तर तो कदाचित तसाच उभा राहिला असता. पण हे नाव या तोंडातून त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो धाडकन बर्फात पालथा पडला. त्याच क्षणी दोसमातची गोळी सुटली आणि जुनिपरचा शेंडा तुटून त्याच्या पाठीवर पडला.

 उल्काननं दुनळी मोडली, काडतुसं बाहेर काढली आणि एकेक करून लांब बर्फात फेकून दिली. दुसरं तिच्या पायाशीच पडलं.

धुकं निवळल्यावर सगळे ओढ्याशी उतरले. रिवाजाप्रमाणे चिनीबेकनं आपला कोट बर्फावर अंथरला, आणि त्यावर प्रत्येकानं उरलेली काडतुसं मोजून टाकायची, बंदूक उघडून दाखवायची. दोसमात दगडावर बसून ओकत होता. मेलेली दोन जनावरं बाजूला पडली होती, तिकडे कुणी बघत नव्हतं.

"पहिला ठिय्या, एक बार, रिकामी," पहिला म्हणाला.

मग दुसऱ्याची पाळी. बाल्ताबायच्या कोटाला अजून जुनिपरचे काटे चिकटलेले होते. त्यानं बंदूक मोडून कोटावर ठेवली. आता ती परत उचलायचीच नाही, अशी ठेवली. त्यानं उल्कानकडे बघितलं. ती बोलेल याची तो वाट बघत होता.  हे तिच्या तोंडून यायचं नव्हतं. त्याच्याच तोंडून यायला पाहिजे होतं, आणि ती दात आवळून त्या एका गोष्टीची वाट बघत उभी होती.

"दुसरा ठिय्या," तो म्हणाला. "दोन बार. यंदाचे दोन." तो थांबला. "गेल्या सालचा एक राहिलाय सांगायचा."

चिनीबेकनं मान वर केली.

"मुकाशनं ठिय्या सोडला नाही. मी हाक मारली त्याला. राखाडी पडला होता झुडपामागं, मला घाई झाली. नावं पुकारली नाहीत. 'संपलं, ये खाली' म्हटलं. तो तिकडून ओरडला, 'सगळ्यांच्या मोडल्या का?' मी म्हटलं, हो." बाल्ताबायचं तोंड वाकडं झालं. "माझीच मोडली नव्हती. धुकं आलं, पलीकडं काहीतरी उठलं असं वाटलं..."

"म्हणजे मी ऐकली ती हाक..." दोसमात दगडावरून म्हणाला.

"माझी होती."

ओढ्याचं पाणी बर्फाखालून वाहत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. चिनीबेकनं टोपी काढली. मग एकेकानं काढली. उल्कानला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपल्याला हलकं वाटेल. हलकं वाटलं नाही. सगळ्यांच्या मोडल्या का, असं विचारणारा तिचा माणूस मात्र तिला स्पष्ट ऐकू आला, नेहमीच्या मास्तरकीच्या आवाजात, आणि तिथं सगळ्या पुरुषांसमोर ती हुंदके देऊन रडली.

"तिसरा ठिय्या," रडतच ती म्हणाली. "बार नाही. रिकामी."

चिनीबेकच्या बायकोनं संध्याकाळपर्यंत ही गोष्ट नळापर्यंत पोचवली. कुणी म्हणालं पोलिसात जायला पाहिजे, कुणी म्हणालं म्हातारीला कोण सांगणार. म्हातारीला उल्काननंच सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, चातीवरचा धागा तोडला आणि म्हणाली, "तरी मी सांगत होते." मग भिंतीकडे तोंड करून निजली आणि रात्री जेवली नाही. दोन्ही मुलगे तिचेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्ताबाय दारात येऊन उभा राहिला. आत यायचं धाडस त्याला झालं नाही. कोट घातला नव्हता, नुसत्या सदऱ्यावर थंडीत उभा होता, टोपी हातात. वर्षाच्या जेवणाला घोडी कापताना रडला होता तो हा माणूस नव्हता. हा रडायच्या पलीकडे गेलेला होता.

"उल्कान," तो म्हणाला, "उद्या मी तालुक्याला जातोय. काय ते लिहून देतो. त्याआधी काय करू सांग. काहीही सांग."

उल्कान पिठाच्या हातांनी उंबऱ्याशी आली. तिच्या मनात खूप काही होतं. वर्षभर ती रात्री पडून ते जुळवत आली होती. आता त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. तिनं अंगणाकडे बघितलं. ओंडके तसेच पडून होते, वरचं बर्फ न झाडलेलं.

"लाकडं संपलीत," ती म्हणाली. "बाल्ता भिंतीपाशी आहे."

तो शब्द दोघांच्या मध्ये अंगणात पडला. बाल्ताबायनं मान वर केली नाही. तो भिंतीपाशी गेला, त्यानं कुऱ्हाड उचलली, ओंडक्यावरचं बर्फ हातानं झाडलं आणि पहिला घाव घातला.

आत चुलीपाशी म्हातारीनं कान टवकारले. "कोण गं ते?"

"बाल्ताबाय," उल्कान म्हणाली. मग तिनं श्वास घेतला आणि लग्न झाल्यापासून जे नाव एकदाही तोंडात आणलं नव्हतं, ते मोठ्यानं घेतलं. "मुकाशच्या घरची लाकडं फोडतोय."

एरवी सून असं बोलली असती तर म्हातारीनं हातातलं काय असेल ते फेकून मारलं असतं. तिनं चाती उचलली, चाचपून धाग्याचं टोक शोधलं.

"बारीक फोडायला सांग त्याला," ती म्हणाली. "मोठी चुलीत मावत नाहीत."